दमा असताना घर, नोकरी, सणवार कसं सांभाळता?

तगर

मला लहानपणापासून दमा आहे. पुण्यात शाळेत शिकवते, पाचवी-सहावीच्या वर्गांसमोर दिवसभर बोलते, रविवारी टेकडी चढते, रात्री सलग झोपते. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘दमा’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे उशांना टेकून खोकणारे आजोबाच येतात. त्यामुळे माणसं दमा लपवतात. लग्नाच्या मुलींना घरचेच बजावतात, ‘कुणाजवळ बोलू नकोस.’ श्वासातून औषध घ्यायचा पंप (इनहेलर) पर्सच्या तळाशी रुमालात गुंडाळलेला असतो आणि घ्यायची वेळ आली की बाथरूमचं दार लावून घेतला जातो. माझ्या वर्गात जवळजवळ दरवर्षी एखादं तरी मूल दम्याचं असतं आणि बरेच पालक ते शाळेला कळवतच नाहीत.

म्हणून हा धागा. औषधं, घर, स्वयंपाक, प्रवास, सण, मुलांचे खेळ, जे सुचेल ते लिहा. ज्यांच्या घरात दम्याचं माणूस आहे त्यांनीही लिहा.

सुरुवात माझ्याकडून. दम लागत नाही त्या दिवशीही दमा असतोच. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. ती दिसत नाही, दुखत नाही. मग थंड हवा, धूळ, सर्दी, धूर असं काही निमित्त झालं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि श्वास सोडताना सूं सूं आवाज येतो. आपली सगळी धावपळ असते ती हे आवळणं सोडवायची. सूज राहते तिथेच.

औषधंही म्हणून दोन तऱ्हेची. साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, त्याचा असर चार-सहा तास टिकतो, पण सुजेला तो हात लावत नाही. ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन ही श्वासातून घ्यायची स्टेरॉइडं सूज उतरवतात, पण सावकाश, आणि नेमाने घेतली तरच. लोक नेमका हाच पंप बरं वाटायला लागलं की बंद करतात आणि पहिला खिशात घालून फिरतात.

‘पंप म्हणजे जालीम औषध, आधी गोळ्या घेऊन बघू’ हे तर घरोघरी ऐकू येतं. साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबातून येतं १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या गोळीचा चाळिसावा हिस्सा. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर जाते. हात थरथरतात, छातीत धडधडतं. पंपाचं औषध जिथे पाहिजे तिथेच जातं, म्हणून इतकंसं पुरतं.

अर्थात नीट घेतलं तर. पंप घेणाऱ्यांनी एकदा आरशासमोर उभं राहून घेऊन बघावा. दाबल्यावर तोंडाच्या कोपऱ्यातून किंवा नाकातून पांढरा फवारा बाहेर आला, तर ते औषध हवेत गेलं. आधी पंप चांगला हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. पंपाचं तोंड ओठांत घट्ट धरायचं, सावकाश श्वास ओढायला लागतानाच एकदा दाबायचं, चार-पाच सेकंद ओढत राहायचं आणि मग दहा सेकंद श्वास रोखून धरायचा. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकायचं, नाहीतर आवाज बसतो आणि तोंडात पांढरी बुरशी धरते. माझं तर पोटच आवाजावर आहे, म्हणून मी पंप ब्रश करण्याआधी घेते. चूळ विसरायचा प्रश्नच उरत नाही.

पंपाच्या तोंडाला स्पेसरची पोकळ नळी लावली तर दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसवावा लागत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांनी तर स्पेसरशिवाय पंप घेऊच नये असं माझं मत आहे.

---

खमंग

छान धागा, तगर. मला मिरचीच्या फोडणीने ठसका लागून छाती भरते. घरात मीच स्वयंपाक करते, टाळणार कसं?

---

तगर

खमंग, मी मिरची तेलात शेवटी टाकते, गॅस बारीक करून, आणि लगेच भाजी किंवा डाळ वर ओतते. पंखा फोडणीच्या आधीपासून चालू हवा. ठसका उठल्यावर लावून काय उपयोग. लाल तिखट तापल्या तेलात न टाकता नंतर रसात घालायचं. वर्षाचा मसाला आणि मिरच्या भाजणं-कुटणं घरी करू नका, गिरणीवरून दळून आणायला दुसऱ्या कुणाला पाठवा. खिडकी उघडी असेल तर शेजारच्यांची फोडणीही पोचते, त्याला इलाज नाही.

---

चिमणीची_आई

मुलगा सहा वर्षांचा. दर सर्दीला खोकला छातीत उतरतो, रात्री दोन-तीनला उबळ येते. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा पंप स्पेसर आणि मास्क लावून रोज दोनदा द्यायला सांगितलाय. सासूबाईंचं म्हणणं, एकदा पंप लागला की जन्मभर सुटत नाही. माझी भीती वेगळी आहे, स्टेरॉइडने उंची खुंटते असं वाचलंय. सोबत मॉन्टेल्युकास्टची गोळीही आहे. ती सुरू झाल्यापासून तो झोपेत दचकून उठतो, रडतो, ‘भिंतीवर काहीतरी आहे’ म्हणतो. याचा काही संबंध असेल का?

---

स्टेथोस्कोप

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. इथे कुणाला तपासू शकत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

चिमणीची आई, गोळीचं आधी. मॉन्टेल्युकास्टने काही मुलांना वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड होते, वागणं बदलतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या औषधावर त्याबद्दलचा सर्वांत ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे हे औषध लेव्होसेटिरिझिन या ॲलर्जीच्या औषधाबरोबर साध्या सर्दीलाही सर्रास दिलं जातं आणि आईवडिलांना या परिणामाची कल्पना दिली जात नाही, हे मला अजिबात पटत नाही. तुम्ही लिहिलंय ते जसंच्या तसं तुमच्या डॉक्टरांना उद्याच फोन करून सांगा. पुढच्या तारखेची वाट बघू नका.

उंचीचं. श्वासातल्या स्टेरॉइडने वाढीचा वेग पहिल्या वर्षात थोडा मंदावतो. अशा मुलांना मोठेपणापर्यंत पाहिलं तेव्हा अंतिम उंचीत सरासरी एक सेंटीमीटरच्या आसपास फरक दिसला. याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे तेही पाहा: रात्रीची मोडलेली झोप, बुडालेली शाळा, खेळायला न मिळणं, आणि दर अटॅकला पोटातून द्यावे लागणारे स्टेरॉइडचे मोठे डोस. आवर न घातलेला दमाही वाढ खुंटवतो.

सासूबाईंना सांगा, पंपाचं व्यसन लागत नाही. रोज चष्मा लावणाऱ्याला चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही. बऱ्याच मुलांचा दमा वाढत्या वयात कमी होतो, काहींचा नाही होत. पंप दिला म्हणून तो टिकला असं होत नाही. मात्र डोस दर काही महिन्यांनी तपासून, जमेल तसा खाली आणून, कमीत कमी डोसवर मूल चांगलं राहतंय ना हे बघायचं असतं. तोच चिठ्ठीवरचा डोस वर्षानुवर्षं दुकानातून आणत राहू नका.

---

चिमणीची_आई

डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी थांबवायला सांगितली आणि शनिवारी बोलावलंय. खूप आभार.

---

रानवारा

आमचं गाव लातूरकडं. वडील साठीच्या पुढं गेलेत, दमा बऱ्याच वर्षांपासून. मृग लागला की हैदराबादला जायचे, नामपल्लीच्या मैदानावर ते जिवंत मरळ मासा गिळायचं औषध घ्यायला. आमच्या भागातनं रेल्वे भरून लोक जातात. तीन वर्षं गेले. पथ्य पाळलं, फरक म्हणावा असा काही पडला नाही.

खरा त्रास सोयाबीनच्या काढणीला. मळणीयंत्र सुरू झालं की त्या रात्री वडील झोपत नाहीत. खाटेच्या काठावर बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले. बोलायचं झालं तर दोन शब्द बोलून थांबतात. मग गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन आणि सलाईन. तीन-चार दिवस बरं, पुन्हा तेच. इंजेक्शनात काय असतं विचारलं तर नीट सांगत नाहीत. पंप कुणी लिहून दिलाच नाही आजवर.

---

स्टेथोस्कोप

रानवारा, तुमचं लिहिणं वाचून बसवलं नाही, म्हणून ओपीडी संपल्यावर लगेच लिहितो.

दोन शब्द बोलून थांबावं लागणं ही तीव्र अटॅकची खूण आहे. वाक्य पुरं न होणं, मानेचे स्नायू आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणं, ओठ-नखं निळसर दिसणं, माणूस सुस्त किंवा बरळल्यासारखा होणं, यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करून मोठ्या दवाखान्यात न्यायचं. सूं सूं आवाज एकदम बंद झाला पण धाप तशीच आहे, तर बरं वाटतंय असं समजू नका. हवा आत-बाहेर होणंच थांबत आलेलं असतं.

अशा इंजेक्शनांत बहुधा स्टेरॉइड आणि थिओफिलिनच्या कुळातलं, श्वासनलिका सैल करणारं औषध असतं. जिवावरच्या अटॅकमध्ये स्टेरॉइड द्यावंच लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी असं घेत राहिलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. यातलं काहीही न होता तेच काम मायक्रोग्रॅमच्या मापात रोजच्या पंपाने झालं असतं. देशात दम्याचे साडेतीन कोटींच्या आसपास रुग्ण आहेत. जगभरातल्या रुग्णांचा आपला वाटा साधारण आठवा हिस्सा भरतो, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंचा मात्र ४० टक्क्यांहून जास्त. श्वासातलं स्टेरॉइड लोकांपर्यंत पोचत नाही, हे यामागचं फार मोठं कारण आहे.

माशाच्या औषधाबद्दल: त्यात काय आहे ते ते कुटुंब सांगत नाही आणि त्याने दमा आटोक्यात येतो असा कसलाही वैद्यकीय पुरावा नाही. एवढ्या लोकांचा विश्वास आहे म्हणून मी कुणाची टर उडवणार नाही, पण मृगाच्या आशेवर वर्ष काढू नका.

सोयाबीनची तुमची शंका बरोबर आहे. बार्सिलोनात १९८१ ते १९८७ दरम्यान काही ठरावीक दिवशी दम्याचे कितीतरी रुग्ण एकाच वेळी दवाखान्यात येऊन थडकायचे. शोध घेतल्यावर कळलं, ते दिवस बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवण्याचे होते. दाण्याच्या टरफलाची धूळ कोठारातून शहरभर पसरत होती. कोठारांवर गाळण्या बसवल्या आणि त्या साथी थांबल्या. तुमच्या वडिलांना ती धूळ खळ्यावर, हाताच्या अंतरावर मिळते.

तेव्हा मळणीच्या दिवशी त्यांना शिवारात जाऊ देऊ नका. जावंच लागलं तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं आणि एन-९५ मास्क घालायचा. उपरण्यातून बारीक धूळ आरपार जाते. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात छाती विभागात घेऊन जा आणि स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजायची तपासणी, करून घ्या. बिडी ओढत असतील किंवा घरात चूल असेल तर तेही सांगा, कारण या वयात सीओपीडी (धुराने श्वासनलिका आणि फुफ्फुसं कायमची खराब होण्याचा आजार) आहे की दमा की दोन्ही, हे पाहावं लागतं.

---

खमंग

खळ्यावरच्या धुळीचं मलाही नवीन. रानवारादादा, वडिलांना लवकर घेऊन जा.

---

शांतिपाठ

सगळेच पंपाच्या मागे लागलेले दिसतात. मी नियमित प्राणायाम करतो, दूध-दही-केळी-आंबट बंद केलं आहे, पंप सोडून बराच काळ झाला. शरीराला बरं व्हायची संधी तरी द्या.

---

तगर

शांतिपाठ, तुम्हाला बरं वाटतंय याचा आनंद आहे, आणि प्राणायाम मीही करते. श्वसनाच्या व्यायामाने श्वास शांत होतो, घाबरणं कमी होतं, त्रास कमी जाणवतो. अनुलोम-विलोम, भ्रामरी जरूर करावं. कपालभातीसारखं जोरात केलं तर माझा खोकला उसळतो, म्हणून मी ते करत नाही. पण प्राणायामाने अस्तराची सूज उतरते असं कुठे दिसलेलं नाही.

तुम्हाला एक सुचवते. पीक फ्लो मीटर आणा, साधी प्लास्टिकची नळी असते, काटा लिटर-प्रति-मिनिट दाखवतो. उभं राहून पूर्ण श्वास घ्यायचा आणि एका दमात फुंकायचं. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. तब्येत उत्तम असताना येतो तो आपला सर्वोत्तम आकडा. रोजचा आकडा त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असला तर ठीक, ५० ते ८० मध्ये आला तर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं वाढीव औषध सुरू करायचं, ५० च्या खाली गेला तर आराम देणारा, म्हणजे साल्ब्युटामॉलचा, पंप घेत थेट दवाखाना गाठायचा. दम्याच्या माणसाला कमी श्वासाची इतकी सवय होते की आत काय चाललंय ते कळत नाही. वहीतले आकडे स्थिर असतील तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पंपाचं पुढे काय करायचं ते त्यांच्याबरोबर ठरवा.

दूध-दही-केळ्याचं म्हणाल तर ज्या पदार्थाची खरोखर ॲलर्जी आहे तेवढाच टाळायचा. पोरांचं दूध-फळ तोडून त्यांना अशक्त करण्यात काय मिळतं?

---

शांतिपाठ

मीटर मागवतो. मत बदललं असं नाही, पण आकडे बघायला हरकत नाही.

---

डोंगरवाट

मी दम्यासकट सह्याद्रीत भटकतो. राजगड, हरिश्चंद्रगड, रतनगड सगळं झालंय. पट्टीचे धावपटूही दम्याचे असतात. पॉला रॅडक्लिफने २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला, तिलाही दमा.

माझे नियम असे. महिनाभर दमा आटोक्यात नसेल तर ट्रेक नाही, मग ग्रुप कितीही आग्रह करो. चढाईच्या पंधराएक मिनिटं आधी डॉक्टरांनी सांगितलेला पंप. पहिला टप्पा मुद्दाम रमतगमत. शरीर तापल्यावर वेग. हिवाळ्यात पहाटे नाका-तोंडावर मफलर, म्हणजे आत जाणारी हवा थोडी कोमट आणि दमट होते. पंप सॅकच्या तळाला नाही, कमरेच्या खिशात. आणि तो कुठे आहे, कसा द्यायचा, हे बरोबरच्या किमान दोघांना दाखवून ठेवलेलं. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात पंप ठेवू नका, आत दाबाखालचा वायू असतो.

---

निवृत्त_पोस्टमास्तर

वयस्कर मंडळींसाठी एक गोष्ट. मला काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब सुरू केले होते. पहिल्या आठवड्यातच रात्री धाप लागू लागली, ऋतू तर चांगला होता. आमच्या औषधवाल्याने चिठ्ठी बघून विचारलं, ‘काका, तुम्हाला दमा आहे ना? हे थेंब कुणी दिले?’ टिमोलॉल बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे रक्तदाब-हृदयासाठी देतात त्या औषधांच्या गटातलं, डोळ्यातून थोडं अंगात उतरतं आणि श्वासनलिका आवळतं. थेंब बदलले, त्रास गेला. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांचंही तेच. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनही चालत नाही. डोळ्यांचे, दातांचे, हाडांचे कुठलेही डॉक्टर असोत, खुर्चीत बसल्या बसल्या ‘मला दमा आहे’ हे आपणहून सांगावं.

---

स्टेथोस्कोप

पोस्टमास्तरकाका, फार मोलाचं सांगितलंत. माझी एक भर: गरोदर बायका बाळाच्या भीतीने पंप सोडतात. पंप चालू ठेवायचा असतो. आईचा श्वास कोंडला तर बाळालाच प्राणवायू कमी पडतो.

---

यारा_काठी

मेलबर्नमधून लिहिते. इकडे एक वेगळाच प्रकार आहे, वादळी पावसाचा दमा. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी खूप तापलेल्या दिवसानंतर गडगडाटी वादळ आलं. रायगवताचे परागकण ओलाव्याने फुटून त्यांचे बारीक तुकडे वाऱ्यासोबत खाली आले. काही तासांत हजारो लोक श्वास घेता येईना म्हणून दवाखान्यांत पोचले, दहा जणांचा मृत्यू झाला. त्यांतल्या कितीतरी लोकांना आधी दम्याचं निदानच झालेलं नव्हतं, फक्त वसंतात शिंका यायच्या. भारतातून आलेल्या आमच्यापैकी अनेकांना इथे दोन-चार वर्षांत ही गवताची ॲलर्जी सुरू होते. शिक्षणासाठी येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनो, हे मुलांच्या कानावर घाला. ऑक्टोबर ते डिसेंबर परागकणांचा अंदाज रोज जाहीर होतो. वादळाचा इशारा असेल तेव्हा घरात, खिडक्या बंद.

इथे शाळेत, कचेरीत सगळ्यांना प्रथमोपचार शिकवतात, तो पाठ करण्यासारखा आहे. रुग्णाला सरळ बसवा, आडवं करू नका. आराम देणाऱ्या पंपाचे चार दाब स्पेसरमधून, एकेक करून, प्रत्येक दाबानंतर चार श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नाही, तर पुन्हा चार. तरीही नाही, तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत हेच चालू ठेवा.

---

तगर

यारा, हे आमच्या शिक्षक-खोलीत लावते आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८ लिहून.

घराबद्दल राहिलं होतं. पुण्यात पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की कपाटामागे काळी बुरशी येते. कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा, कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. धुळीतले सूक्ष्म किडे गादी-उशीत राहतात, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. चादरी, अभ्रे, गोधड्या आठवड्याला गरम पाण्यात, साठ अंशाच्या आसपास, धुवायच्या. कापसाची गादी उन्हात टाका, पण बडवायची तर अंगणात, आणि दम्याच्या माणसाने नाही. झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणं बरं. पावसाळ्यानंतर माळावर फोफावणारं गाजर गवत उपटायला दम्याच्या माणसाने जाऊ नये.

कासवछाप म्हणतो ती डासांची अगरबत्ती घरात नकोच. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये डॉ. संदीप साळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं, तर बंद खोलीत एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण साधारण शंभर सिगारेटींच्या तोडीचे निघाले. मच्छरदाणी लावा. फटाक्यांमध्येही त्यांना सर्वांत जास्त सूक्ष्म कण सापडले ते नागगोळीत, जी आपण ‘आवाज नाही, लहान मुलांसाठी बरी’ म्हणून आणतो. पोरं तर त्या धुरावर ओणवी होऊन बघत बसतात.

सणांना घराबाहेर पळावं असं मला वाटत नाही. गणपतीत आमच्याकडे धूप आणि ऊद बंद केला. निरांजन आहे, फुलं आहेत, आरती तर मी सगळ्यांत मोठ्याने म्हणते. विसर्जनात गुलाल उधळायला लागले की मी बाजूला उभी राहते. सासूबाईंनी एकदाही नाराजी दाखवली नाही. उलट यंदा शेजारी आले तेव्हा त्यांनीच सांगितलं, ‘आमच्या सुनेला दमा आहे, उदबत्ती बाहेर लावा.’ किती सहज म्हणाल्या त्या!

---

खमंग

वा! आणि गुलाल नको असेल तर फुलांच्या पाकळ्या उधळा. आमच्या सोसायटीत सुरू केलंय.

---

रानवारा

वडिलांना घेऊन गेलो होतो. स्पायरोमेट्री केली, पंप देऊन पुन्हा फुंकायला लावलं, आकडा चांगला वर गेला. दमाच आहे म्हणाले. फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड एकत्र असलेलं औषध दिलंय, कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्रातनं. दोन शंका. घरी स्पेसर आणलाय, तो या यंत्राला लावायचा का? आणि वडील हळूहळू ओढतात, कॅप्सूलमध्ये भुकटी शिल्लक राहते.

---

स्टेथोस्कोप

उत्तम झालं. स्पेसर फक्त फवाऱ्याच्या पंपाला चालतो, कॅप्सूलच्या यंत्राला नाही. दोन्हींची ओढायची रीत नेमकी उलटी आहे: फवारा सावकाश, भुकटी जोरात आणि झटक्यात. श्वास यंत्रात सोडायचा नाही, तोंड बाजूला करून सोडायचा, नाहीतर भुकटी ओली होते. भुकटी उरली तर पुन्हा एकदा ओढायची. कॅप्सूल आयत्या वेळी डबीतून काढा, पावसाळ्यात बाहेर राहिली तर मऊ पडते. गिळायची नाही, हेही बजावून सांगा. चुकून गिळणारे रुग्ण मी बरेच पाहिलेत.

एवढं करून त्यांना जोर लावता येत नसेल तर पुढच्या भेटीत सांगून हेच औषध फवाऱ्याच्या पंपात मागून घ्या, मग तुमचा स्पेसर कामी येईल. तो आठवड्याला साबणाच्या पाण्यात बुडवून, आतून न पुसता हवेवर वाळवा. पुसलं की आतल्या बाजूला वीजभार येतो आणि औषध तिथेच चिकटतं.

बरं वाटलं तरी थांबवू नका. महिन्याभराने चार गोष्टी तपासा: दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा होतो का, रात्री जाग येते का, आराम देणारं औषध आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागतं का, शेतातली कामं अडतात का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर तारखेआधी दाखवा.

---

रानवारा

समजलं. फ्लूची लस पण घ्यायला सांगितलीय, ती कधी घ्यावी?

---

स्टेथोस्कोप

दरवर्षी एकदा. आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी. आत्ता राहिली असेल तर थांबू नका, पुढच्या फेरीत घेऊन टाका.